पागेतले बिऱ्हाड

जुन्या वाड्याचा दर्शनी भाग बहुधा भाऊबंदकीत वाटला गेलेला असतो, नाहीतर पडलेला असतो. उरते ती मागची इमारत: पागा, गोठा, नाहीतर धान्याचे कोठार. ती ज्याच्या वाट्याला येते तो छप्पर शाकारून घेतो, भिंतींना चुन्याचा गिलावा देतो, मागे परसबाग लावतो आणि मुलाबाळांसह तिथे राहायला जातो. घर सुरेख होते. मात्र कुणी विचारले की तो सांगतो, ‘आम्ही आउटहाऊसमध्ये राहतो.’

हा शब्द मला अपुरा वाटतो. इमारत मुख्य घराच्या बाहेर आहे, एवढेच तो सांगतो. तिच्यात घोडे होते की गाई, जोंधळा होता की गवत, याचा त्यात पत्ता नाही. मराठीत अशा सगळ्या इमारतींना मिळून एक नाव नाही. याचे कारण असे दिसते की प्रत्येकीला स्वतःचे नाव आहे, आणि त्या प्रत्येक नावामागे मोठी वंशावळ आहे. या वंशावळी लावू लागले की एक विलक्षण गोष्ट ध्यानात येते. इमारतीत माणसे आत्ता राहायला आली असतील, पण शब्दांत ती फार पूर्वीच येऊन राहिलेली आहेत.

गोठ्यापासून सुरुवात करू. ‘गोठा’ म्हणजे संस्कृत ‘गोष्ठ’. ‘गो’ म्हणजे गाय आणि ‘स्था’ म्हणजे उभे राहणे. गाई उभ्या राहतात ती जागा. प्राकृतात ‘ष्ठ’चा ‘ट्ठ’ होऊन ‘गोट्ठ’ झाले आणि मराठीत ते द्वित्त सुटून ‘गोठा’ उरला. इथवर सरळ आहे. गंमत याच्या बहिणीत आहे. ‘गोष्ठ’वरून संस्कृतात ‘गोष्ठी’ झाली. तिचा अर्थ सभा, मेळावा, मंडळींची बैठक. गुरे बांधून झाली की राखणदार तिथेच टेकत असावेत आणि बोलत असावेत, म्हणून जनावरांच्या जागेचे नाव माणसांच्या बैठकीला लागले असावे. बैठकीवरून बैठकीतले बोलणे, बोलण्यावरून कथा. ज्ञानेश्वरीत ‘गोठी’ हे रूप भेटते, म्हणजे त्या काळच्या मराठीत गोठा आणि गोठी शेजारी शेजारी नांदत होते आणि त्यांचे नाते कानाला कळत होते. पुढे पंडिती वळणाने ‘गोठी’ची ‘गोष्ट’ झाली आणि बहिणींची तोंडे वेगळी दिसू लागली. आता तर ‘गोष्ट’ म्हणजे कुठलीही बाब. राजस्थानीत याच कुळातली ‘गोठ’ म्हणजे मंडळी जमवून केलेली मेजवानी. आजीने नातवाला सांगितलेली गोष्ट आणि राजस्थानातली मेजवानी, दोघींचे माहेर गोठाच आहे.

‘गोठण’ हा शब्द याच घरचा. भर दुपारी गावची गुरे विसाव्याला जमतात ती जागा. संस्कृतात ‘गोस्थान’ आहे, त्यावरून तो आला असावा. राजापूर तालुक्यातल्या गोठणे दोनिवडे या गावाचे नाव त्याच अर्थाचे दिसते. थंडीने तूप गोठते त्या ‘गोठणे’ क्रियापदाशी मात्र याचे नाते दिसत नाही. ते केवळ उच्चाराचे साम्य असावे.

‘गोष्ठ’ शब्द संस्कृतातच इतका सैल झाला होता की त्यातली गाय लोकांच्या ध्यानातून निघून गेली. पतंजलीच्या महाभाष्यात ‘गोगोष्ठ’ आणि ‘अविगोष्ठ’ अशी रूपे येतात. अवि म्हणजे मेंढी. ‘अविगोष्ठ’ म्हणजे अक्षरशः मेंढ्यांचा गाईवाडा, आणि ‘गोगोष्ठ’ म्हणजे गाईंचा गाईवाडा! त्याच ठिकाणी ‘उष्ट्रगोयुग’ हा शब्द येतो. अर्थ उंटांची जोडी, घडण ‘उंटांची बैलजोडी’. ‘तिलतैल’ही तिथलेच. तैल म्हणजे मुळात तिळापासून निघालेले, पण पुढे कशापासूनही निघालेले, म्हणून तिळाच्या तेलाला पुन्हा तिळाचे म्हणावे लागले. आपण रोज ‘शेंगदाण्याचे तेल’ म्हणतो तेव्हा हेच करतो. व्याकरणकारांनी या रूपांना चूक ठरवले नाही. ‘गोष्ठ’ हा आता स्थान दाखवणारा प्रत्ययच झाला आहे, असे मानून त्यांनी नियम केला. भाषेतली हालचाल इतक्या उमदेपणाने टिपणारे शास्त्र दुसरीकडे क्वचितच सापडेल.

आता ज्या शब्दासाठी हा सगळा खटाटोप केला तो. पाणिनीच्या अष्टाध्यायीत पाचव्या अध्यायाच्या दुसऱ्या पादात अठराव्या क्रमांकाचे एक लहानसे सूत्र आहे. ‘गोष्ठ’ शब्दाला पूर्वी होऊन गेल्याच्या अर्थाने एक प्रत्यय लावावा असे ते सांगते. त्यातून शब्द होतो ‘गौष्ठीन’. अर्थ: जिथे पूर्वी गोठा होता ती जागा. अमरकोशातही भूमिवर्गात, गोष्ठाच्या अगदी पाठोपाठ, हा शब्द दिला आहे.

पूर्वी असलेल्या गोष्टीसाठी संस्कृतात सर्वसाधारण प्रत्यय वेगळा आहे. तो ‘चर’. ‘आढ्यचर’ म्हणजे पूर्वी श्रीमंत असलेला. आपण त्या जागी अरबीतून आलेला ‘माजी’ लावतो. मग गोठ्यासाठीच स्वतंत्र सूत्र का? पाणिनी सूत्रात अर्धी मात्रा वाचली तरी आनंद मानणाऱ्या परंपरेतला. त्याने एक अख्खे सूत्र खर्च केले, त्या अर्थी ‘गौष्ठीन’ हा शब्द बोलण्यात खरोखर होता, व्यवहारात लागत होता. त्याचे कारण शोधायला फार लांब जावे लागू नये. कळप हलत असत, गोठे सोडले जात असत. मागे राहिलेली जमीन वर्षानुवर्षांच्या शेणामुताने कसदार झालेली असे. तिथे पीक जोमाने येत असावे आणि कदाचित वस्तीही होत असावी. अशा जमिनीची ओळख ठेवणे शेतकऱ्याच्या फायद्याचे होते. हा माझा तर्क आहे, पण शब्दाचे अस्तित्व हा तर्क नाही. सुमारे चोवीसशे वर्षांपूर्वीच्या या व्याकरणात माजी गोठ्याला नाव होते आणि आज आपल्याला ‘आउटहाऊस’ म्हणावे लागते, याची मला खरोखर हळहळ वाटते.

जाता जाता, ‘गौष्ठीन’च्या पुढचेच सूत्र घोड्याचे आहे. घोडा एका दिवसात जेवढी मजल मारतो तेवढ्या अंतराला ‘आश्वीन’ म्हणावे, असे ते सांगते. म्हणजे गोठ्याच्या शेजारी पागा अष्टाध्यायीतही आहे.

जमीन कसदार होते तशा भिंती मात्र बिघडतात. गोठ्याचे घर करणाऱ्याला हे पहिल्याच पावसाळ्यात कळते. जनावरांच्या मुतातले क्षार वर्षानुवर्षे दगडमातीत मुरलेले असतात. ते ओलीबरोबर पृष्ठभागावर येतात, पांढरी बुरशी धरल्यासारखे दिसतात आणि रंगाचे पोपडे पाडतात. याला ‘लोणा’ म्हणतात. शब्द ‘लवण’वरून आला असावा, म्हणजे लोणचे आणि लोणार याच घराण्यातले. ‘लोणी’ मात्र वेगळे, ते नवनीतापासूनचे. सिमेंटचा गिलावा हे क्षार आत कोंडतो आणि एक दिवस गिलाव्यासकट सुटतो. चुना भिंतीला श्वास घेऊ देतो, म्हणून जाणते गवंडी अशा भिंतीला चुनाच देतात. हा चुना म्हणजे संस्कृत ‘चूर्ण’. जुन्या गोठ्यांच्या मातीतून एके काळी सोरा काढत आणि त्याची बंदुकीची दारू करत. सोरा हा फारसी ‘शोरा’, खारट या अर्थाचा. घराच्या भिंतीवर आज जो त्रास वाटतो त्याच्यावर कधी काळी तोफखाना चालत असे.

आतल्या वस्तूंचीही नावे पाहावीत. ‘गव्हाण’ हे संस्कृत ‘गवादनी’: गो आणि अदन, गाईने खाण्याची जागा. मराठी बायबलात बाळ येशूला गव्हाणीत ठेवले आहे, तिथे हा शब्द फार शोभतो. घर करताना गव्हाण फोडू नये. दगडी असेल तर तिच्यात माती भरून तुळस, गवती चहा, कढीपत्ता छान होतो. ‘दावे’ म्हणजे ‘दामन्’, दोरी, आणि ‘दावण’ म्हणजे ओळीने जनावरे बांधायची लांब दोरी किंवा ती ओळ. बैल दावणीला असतात आणि कधी कधी माणसेही कुणाच्या तरी दावणीला बांधली जातात.

दावण आठवली की ‘तबेला’ उलगडतो. हा अरबी ‘तवीला’. मूळ धातूचा अर्थ लांब असणे. तवीला म्हणजे लांब दोरी, घोडे ओळीने बांधण्यासाठी अंथरलेली. फारसीत दोरीचे नाव जागेला लागले आणि आपल्याकडे ‘तबेला’ झाला. दावण आणि तबेला यांचा एकमेकांशी काडीचा संबंध नाही, तरी दोन्ही भाषांनी एकच दोरी ताणलेली आहे. मुंबईने पुढे तबेल्यातून घोडा काढून म्हैस बांधली. शहरातल्या म्हशींचे तबेले हलवावेत म्हणून 1949 साली गोरेगावला आरे दूध वसाहत उभी राहू लागली. आज मुंबईत तबेला म्हटले की दुधाची किटली डोळ्यांपुढे येते, घोड्याचा नाल नाही.

‘अस्तबल’चा प्रवास आणखी लांबचा आहे. अरबीत तो ‘इस्तब्ल’, आणि अरबीत तो लॅटिन ‘स्टाबुलुम’वरून पूर्वेकडच्या भाषांतून पोचला. इंग्रजीतला ‘स्टेबल’ही त्याचाच वंशज. स्टाबुलुम म्हणजे उभे राहण्याची जागा, कारण लॅटिन ‘स्तारे’ म्हणजे उभे राहणे, आणि हे ‘स्तारे’ आपल्या ‘स्था’चे सख्खे चुलत भावंड. रोमहून निघून अरबस्तान आणि इराणमार्गे अस्तबल दख्खनेत आला, तेव्हा ‘गोष्ठ’ त्याची वाट पाहत इथेच उभा होता. दोघांच्या पोटात तोच एक धातू आहे.

पण मराठी मनाची जागा म्हणाल तर ती पागेत. ‘पागा’ हा फारसी ‘पायगाह’. ‘पाय’ हा फारसीतही पायच आणि संस्कृत ‘पाद’ त्याचा नातलग. ‘गाह’ म्हणजे स्थान. जुन्या इराणी भाषेत ‘गाथु’ असे रूप आहे आणि वेदातला ‘गातु’, म्हणजे वाट किंवा जाण्याचे ठिकाण, त्याच्याशी जुळणारा दिसतो. शेवटचा ‘ह’ गळून पागा झाला. असाच ‘दरगाह’चा दर्गा झाला आणि ‘जायगाह’ची जागा झाली. शहरात माणसे ‘जागा’ शोधत फिरतात ती हीच. दर्गा, जागा, पागा ही तीन भावंडे मराठीने इतकी आपली केली की त्यांना मराठीच्या विभक्त्या सहज लागतात: दर्ग्यात, जागेत, पागेत.

पायगाहचा मूळ अर्थ पाय ठेवण्याची जागा. त्यावरून पायरी, दर्जा, हुद्दा, आणि दुसरीकडे तळ, घोडे ठेवण्याची जागा. आजच्या फारसीत ‘पायगाह’ म्हणजे लष्करी तळ. इथे थांबून मराठी ‘तळ’ शब्दाकडे पाहावे. तळ म्हणजे बूड, आणि तळ म्हणजे छावणीही. पायाखालचे ते मुक्कामाचे, ही उडी दोन्ही भाषांनी स्वतंत्रपणे मारलेली दिसते. निजामाच्या राज्यात ‘पायगाह’ हे थोर अमीर घराण्याचे नाव झाले. निजामासाठी फौज बाळगण्याच्या जबाबदारीवरून ते पडले असावे. हैदराबादचा फलकनुमा महाल बांधणारे विकार-उल-उमरा याच घराण्यातले. तबेल्याचा शब्द असा महालात राहायला गेला.

मराठी राज्यात पागा हा नुसता तबेला नव्हता, ती सरकारी घोडदळाची व्यवस्था होती. स्वतःचा घोडा आणतो तो शिलेदार, सरकारचा घोडा घेतो तो बारगीर. सभासदाच्या बखरीप्रमाणे पंचवीस बारगिरांवर एक हवालदार असे, आणि त्यांच्यामागे पखालजी व नालबंद असत. पागेचे लेखन करी तो ‘पागनीस’. त्यातला ‘नीस’ म्हणजे फारसी ‘नविस’, लिहिणारा. चिटणीस, फडणीस, पारसनीस यांच्या पंगतीत तो बसतो. ‘पागे’ हे आडनावही इथूनच आले असावे. शिवकाळात राज्यव्यवहारकोश सिद्ध झाला. दरबारातल्या फारसी-अरबी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द द्यावेत हा त्याचा हेतू होता. पण पागा हटली नाही. घोड्यांना खरारा करणाऱ्या माणसांच्या तोंडी तो शब्द पक्का बसलेला असावा, आणि कोशाची सत्ता तिथपर्यंत पोचत नाही.

पुण्यात पेशव्यांची हुजूरपागा होती. ‘हुजूर’ हा अरबी, समक्षता या अर्थाचा. धन्याच्या समक्ष, त्याच्या खास तैनातीतली पागा ती हुजूरपागा. त्या जागेवर आज मुलींची शाळा आहे. रानडे, भांडारकर, मोडक यांच्या खटपटीतून 1884 साली ही शाळा निघाली. तिचे अधिकृत नाव लांबलचक होते, पण जागेचे नाव शाळेला चिकटले ते कायमचे. ‘मी हुजूरपागेची’ असे पिढ्यान् पिढ्या मुली अभिमानाने सांगत आल्या. पागेच्या जागेला नवे जीवन मिळाले तरी जुने नाव टिकवता येते, आणि त्याने नव्याची शोभा वाढते, याचा याहून चांगला दाखला मला ठाऊक नाही.

लंडनमध्येही असेच घडले आहे. चेअरिंग क्रॉसजवळ राजाचे शिकारी ससाणे ठेवण्याची जागा होती, तिला ‘म्यूज’ म्हणत. ससाणे तिथे पिसे बदलत, म्हणून नाव लॅटिन ‘मुतारे’, म्हणजे बदलणे, यावरून आलेले. 1534 साली ती इमारत जळाली. पुन्हा बांधली ती घोड्यांसाठी, पण नाव तेच राहिले. पुढे धनिकांच्या घरामागच्या तबेल्यांच्या गल्ल्यांना म्यूज म्हणू लागले, आणि आज त्या तबेल्यांतून माणसे राहतात. बदलण्याच्या धातूपासून निघालेला शब्द पक्षी, घोडे आणि माणसे असे तीन रहिवासी बदलून बसला आहे.

आता कोठार. ‘कोष्ठ’ म्हणजे पोट आणि ‘कोष्ठ’ म्हणजे साठवणीची खोली. दोन्ही भरायच्या जागा. मराठीत ‘कोठा’ म्हणजे अजूनही पोट. कोठा जड होतो, आणि त्याची तक्रार ‘बद्धकोष्ठ’ या संस्कृत नावाने वैद्याकडे जाते. कोष्ठ आणि आगार मिळून ‘कोष्ठागार’, त्याचे कोठार. कौटिल्याने कोष्ठागाराच्या अध्यक्षाची कामे तपशिलाने सांगितली आहेत. गोरखपूर भागातल्या सोहगौरा येथे मिळालेला एक छोटा ताम्रपट मौर्यकाळातला मानतात. त्यात दोन कोठारांचा उल्लेख आहे, टंचाईच्या वेळी वापरायच्या. तिथले रूप ‘र’ऐवजी ‘ल’ घेऊन येते, कारण ती पूर्वेकडची प्राकृत आहे. ‘कोठडी’ आणि ‘कोष्टक’ हीही याच वंशातली. गणिताच्या वहीतल्या कोष्टकात आकडे आणि कोठारात पोती, दोन्ही आत ठेवून दार लावलेले.

‘कोठी’चे दैव मात्र प्रांतागणिक वेगळे. मराठीत कोठी म्हणजे धान्याची कणगी किंवा सामानाची खोली. वसतिगृहाच्या कोठीत आजही डाळतांदूळच असतात. मोल्सवर्थच्या कोशातही कोठाराचाच अर्थ पुढे दिसतो. हिंदीत हीच कोठी सावकाराची पेढी झाली, मग गोऱ्या व्यापाऱ्याचे गोदाम, मग त्याचे राहते घर, आणि शेवटी बागबगीच्यासह ऐसपैस हवेली. मराठीत तिला असे चढता आले नाही. गोऱ्यांच्या गोदामाला आपल्याकडे ‘वखार’ हा शब्द होता, राजापूरची वखार, सुरतेची वखार, आणि मोठ्या घराला ‘वाडा’ होता. दोन्ही पाट आधीच भरलेले, म्हणून कोठी स्वयंपाकघराशेजारीच राहिली असावी. धान्याचा कोठा दुरुस्त करून राहायला जाणारा मराठी माणूस आपल्या घराला ‘कोठी’ म्हणाला, तर मराठी आणि हिंदी दोन्ही अर्थ एकाच दारात येतील.

‘अंबारखाना’ही सोडवत नाही. पन्हाळ्यावरची गंगा, यमुना, सरस्वती ही कोठारे पाहिली की दगडाचे प्रेम असलेला माणूस तासभर हलत नाही. ‘अंबार’ हा फारसी, साठा या अर्थाचा. मराठीत तो ढीग या अर्थाने राहिला. इराणी ‘हम्’ म्हणजे आपला ‘सम्’. पुढचा भाग ‘भृ’, वाहून आणणे, याच्याशी जुळवला तर अंबार म्हणजे ‘संभार’. ‘पॄ’, भरणे, याच्याशी जुळवला तर ‘संपूर’सारखे काही. अर्थ दोन्हींकडून जमतो. मला दुसरा धागा अधिक बळकट वाटतो, पण वाचकाने आपला कौल द्यावा.

मोठ्या घराला वाडा होता म्हटले खरे, पण तो तरी कुठून आला? संस्कृत ‘वाट’, ‘वाटक’ म्हणजे कुंपण घातलेली जागा. मुळात ‘वृ’ धातू, वेढणे. शेताच्या कुंपणाला खेड्यात ‘वई’ म्हणतात ती ‘वृति’, त्याच धातूची. मेंढ्यांचा ‘वाडा’ धनगर आजही लावतो: चार काठ्या, जाळी, आत कळप. हाच अर्थ जुना असावा. मग कुंपणातल्या वस्तीचा वाडा, गौळवाडा, धनगरवाडा, आणि शेवटी 1730 मध्ये पाया घातलेला शनिवारवाडा. पेशव्यांच्या प्रासादाचे नाव मेंढ्यांच्या वेढ्यातून आलेले आहे. स्त्रीलिंगी ‘वाडी’, संस्कृत ‘वाटिका’, कोकणात नारळी-पोफळीची बाग झाली आणि देशावर लहान गाव. घर, गाव, बाग, गुरांचा वेढा असे सगळे एका धातूच्या कुंपणात.

हीच कथा ‘घरा’चीही. ‘गृह’ शब्दातला ‘ह’ मागे सरकून ‘ग’ला मिळाला आणि प्राकृतात ‘घर’ झाले. भाषाशास्त्रज्ञ ‘गृह’चा संबंध वेढणे अशा अर्थाच्या एका प्राचीन धातूशी जोडतात. त्याच धातूची लेकरे म्हणजे इंग्रजी ‘यार्ड’ आणि ‘गार्डन’, लॅटिन ‘होर्टुस’, ज्यावरून ‘हॉर्टिकल्चर’, आणि नोव्हगोरोदमधला रशियन ‘गोरोद’, म्हणजे शहर. ‘घर’ आणि ‘गार्डन’ ही मुळात एकाच धातूची भावंडे! कुंपण घातले, आत छप्पर आले तर घर, आत झाडे आली तर बाग.

‘बाग’ हा फारसी ‘बाघ’, आणि तो बहुधा आपला ‘भाग’: वाटणीला आलेला जमिनीचा तुकडा. वारसाहक्कात वाट्याला आलेल्या पागेभोवती बाग लावणारा माणूस नकळत शब्दाला त्याच्या मूळ अर्थाकडे नेतो. अरबी वळणाचे अनेकवचन ‘बागात’, त्यावरून बागाईत. ‘चा’ हा लघुत्वाचा प्रत्यय लागून बगीचा. कोकणात बागेला ‘आगर’ही म्हणतात. अष्टागर आणि मिठागर प्रसिद्धच आहेत. इथे घर या अर्थाचा ‘आगार’ मोह घालतो, पण खाण, समृद्ध साठा या अर्थाचा ‘आकर’ अधिक संभवनीय दिसतो, कारण त्याने नारळ आणि मीठ दोन्ही सांभाळता येतात.

घरामागची बाग ती परसातली. ‘परस’ हा ‘परिसर’ आटून झाला असावा किंवा ‘पार्श्व’पासून आला असावा. ‘परसाकडे जाणे’ या सभ्य वाक्प्रयोगामुळे त्याला मधल्या काळात जरा अवघड जागी बसावे लागले, पण ‘परसबाग’ने त्याची प्रतिष्ठा परत आणली. जुन्या गोठ्यामागे परसबाग करायची तर जागा ठरलेली असते: उकिरड्याची. ‘उकिरडा’ म्हणजे संस्कृत ‘उत्कर’, उकरून वर टाकलेले. बारा वर्षांनी उकिरड्याचाही पांग फिटतो ही आपली म्हण, आणि अशा जागी दुधी, अळू, केळी ज्या जोमाने येतात ते पाहिले की म्हण करणाऱ्याने बाग केलेली असावी असे वाटते.

राहायला जाणारे कुटुंब नेते ते बिऱ्हाड. तेराव्या शतकातल्या लीळाचरित्रात ‘बिढार’ असे रूप आहे, मुक्कामाची जागा या अर्थाने. पुढे ‘ढ’मधला ‘ह’ उडी मारून ‘र’पाशी गेला आणि ‘ड’ शेवटी सरकून ‘बिऱ्हाड’ झाले. कन्नडात ‘बिडार’ म्हणजे मुक्काम, तळ. ‘बिडु’ म्हणजे सोडणे. गाडीचे बैल सोडले की मुक्काम झाला, असा तो भाव असावा. म्हणजे बिऱ्हाडाच्या मुळाशीही पुन्हा जनावर सोडणे-बांधणे आहे. पागेत बिऱ्हाड करणे यात विसंगत काही नाही. शब्दांच्या दृष्टीने ते आपल्या घरीच जाते.

माझे मत असे आहे. पागेचे घर केले तर त्याला पागाच म्हणावे, कोठाराचे केले तर कोठार, आणि गोठ्याचे केले तर निःसंकोच गोठा. ज्याला गोठा म्हणवत नसेल त्याच्यासाठी पाणिनीचा ‘गौष्ठीन’ तयार आहे. पाटीवर तो सुंदर दिसेल, आणि त्याच्याइतका नेमका शब्द दुसरा नाही.

वाचकांना एक विनंती. गव्हाण, दावण, वई, कणगी, परस यांना तुमच्याकडे वेगळी नावे असतील. सिंधुदुर्गात आणि गोव्यात बागेतल्या झोपडीवजा घराला ‘मांगर’ म्हणतात, तशी. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारून ही नावे, गावाच्या नावासह आणि एखाद्या वाक्यासह, टिपून ठेवा. दुरुस्तीचे काम सुरू होण्याआधी ठेवा, कारण गव्हाण फुटली की गव्हाण कशाला म्हणायचे हे दाखवता येत नाही.